आन खे ते बिएन होआ: हवाई घोडदळाच्या वाटेने

सोमवार, क्वी न्हॉन

क्वी न्हॉनच्या अर्धगोल किनाऱ्यावर सकाळी पोहणाऱ्यांची गर्दी असते आणि बंदराच्या बाजूला बांबूच्या विणीवर राळेचा हात दिलेल्या गोल होड्या वाळूत पालथ्या घातलेल्या दिसतात. आमचा दौरा मात्र समुद्रासाठी नव्हता. नाशिकच्या गांधीनगर तळावर चेतक हेलिकॉप्टरांच्या देखभालीत सारी नोकरी घालवलेले माझे भाऊजी सोबत होते आणि मार्गही त्यांनीच आखला होता. अमेरिकेची पहिली घोडदळ डिव्हिजन व्हिएतनाममध्ये ज्या क्रमाने लढली, साधारण त्याच क्रमाने आम्ही जाणार होतो, आणि ती जिथून घरी परतली तिथे दौरा संपणार होता.

या डिव्हिजनने घोडे १९४३ मध्येच सोडले होते. त्यानंतर तिच्याकडे घोडा उरला तो खांद्यावरच्या भल्यामोठ्या पिवळ्या बिल्ल्यावरचा. जॉर्जियातील फोर्ट बेनिंग येथे मेजर जनरल हॅरी किनार्ड १९६३ पासून एक प्रायोगिक डिव्हिजन घडवत होते. सैनिकांना रस्त्याने न नेता हेलिकॉप्टरने थेट रणात उतरवायचे, तोफा आणि रसदही हवेतून न्यायची आणि काम झाले की तसेच उचलून दुसरीकडे टाकायचे, हा तो प्रयोग होता. १ जुलै १९६५ रोजी त्या माणसांना आणि यंत्रांना पहिल्या घोडदळ डिव्हिजनचे नाव मिळाले आणि २८ जुलैला अध्यक्ष जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून जाहीर केले की ती व्हिएतनामला जात आहे. सुमारे सोळा हजार माणसे आणि चारशेहून अधिक हवाई वाहने, त्यांत बहुतेक सगळी हेलिकॉप्टर, असा हा बाडबिस्तरा समुद्रमार्गे निघाला. एकट्या ‘बॉक्सर’ या जहाजावर दोनशेच्या वर हेलिकॉप्टर रचलेली होती. सप्टेंबरमध्ये हे सारे याच बंदरात उतरले.

जॉन्सन यांनी त्या भाषणात एक गोष्ट टाळली. त्यांनी आणीबाणी पुकारली नाही, राखीव दलेही बोलावली नाहीत. त्यामुळे ज्या सैनिकांची नोकरीची मुदत संपत आली होती, त्यांना थांबवून घेण्याचा अधिकार लष्कराला मिळाला नाही. दोन वर्षे खपून तयार केलेल्या तुकड्यांतून सरावलेली माणसे ऐन निघण्याच्या वेळी गळाली आणि त्यांच्या जागी नवखे भरावे लागले. घरी परतण्याच्या तारखेने या डिव्हिजनच्या युद्धात केलेली ही पहिली ढवळाढवळ म्हणता येईल, आणि तीही युद्धाला तोंड लागण्याआधीची.

भाऊजींनी इथे एक जुनी आठवण काढली, ती मराठी माणसाने विसरू नये अशी आहे. कोरियाच्या युद्धानंतर १९५३ मध्ये युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्या नेतृत्वाखाली भारतीय दल तिथे गेले, तेव्हा दक्षिण कोरियाच्या सिंगमन ऱ्ही यांनी आपल्या भूमीवर त्यांना पाऊल ठेवू देणार नाही असे बजावले. अमेरिकनांनी भारतीय जवानांना जहाजावरून हेलिकॉप्टरमध्ये घालून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवले. दक्षिण कोरियाच्या जमिनीला पाय न लावता एक अख्खे दल मुक्कामी पोहोचले.

मंगळवार, आन खे

राष्ट्रीय महामार्ग १९ क्वी न्हॉनहून पश्चिमेला निघतो, भातखाचरे मागे टाकतो आणि आन खे घाट चढून पठारावर येतो. सुमारे ऐंशी किलोमीटरचे हे अंतर. घाटमाथ्यावर हवा एकदम कोरडी झाली. मार्च असल्यामुळे ऊसतोड चालू होती, आणि उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रकांमागे रखडत जाताना आपण कोल्हापूर-सांगली भागातच आहोत असे वाटावे.

आन खे गावाच्या उत्तरेला डिव्हिजनचा मुख्य तळ होता. ऑगस्ट १९६५ च्या अखेरीस सुमारे हजार माणसांची आघाडीची तुकडी इथे पोहोचली. शेकडो हेलिकॉप्टर उतरवायची तर मोकळे मैदान हवे. बुलडोझर लावला असता तर वरची माती सुटून पात्यांच्या वाऱ्याने असा धुरळा उठला असता की दोन हेलिकॉप्टरांना एकमेकांजवळ उतरणे अशक्य झाले असते आणि यंत्रांत माती जाऊन ती वरचेवर निकामी झाली असती. म्हणून ब्रिगेडियर जनरल जॉन राइट यांनी हुकूम सोडला की झाडझाडोरा कोयत्याने कापायचा, गवताला हात लावायचा नाही, जमीन गोल्फच्या मैदानासारखी झाली पाहिजे. अधिकाऱ्यांपासून शिपायांपर्यंत सगळ्यांनी हातात कोयते घेतले. त्या तळपट्टीला शेवटपर्यंत ‘गोल्फ कोर्स’ हेच नाव राहिले. भाऊजींनी वाटेतल्या एका उसाच्या फडाशेजारी वाकून माती चिमटीत घेतली, बोटांवर चोळली आणि म्हणाले, “बरोबर केलं त्यांनी. ही माती फिल्टरमध्ये गेली ना, की इंजिन आठवडाभरात हातात आलं समजा.”

तळाला कॅम्प रॅडक्लिफ असे नाव देण्यात आले. मेजर डोनाल्ड रॅडक्लिफ हे डिव्हिजनचे युद्धातील पहिले मृत. १८ ऑगस्ट १९६५ रोजी, डिव्हिजनची बहुतेक माणसे अजून समुद्रावर असताना, मरीन दलाच्या एका मोहिमेला मदत करताना ते पडले. म्हणजे तळ उभा राहण्याआधीच त्याला नाव देणारा माणूस गेला होता. तळाला लागून असलेल्या हॉन काँग डोंगरावर डिव्हिजनचे प्रचंड बोधचिन्ह रंगवलेले असे आणि ते दुरून हवेतूनही दिसे. आज त्याचा मागमूस नाही. गावातल्या कॉफीच्या दुकानात बसले की समोर डोंगर दिसतो, झाडीने भरलेला, अगदी चारचौघांसारखा. दुकानदारीण बाईंना आम्ही काय शोधत आहोत हे वाटाड्याने सांगितले, तेव्हा त्यांनी हाताने कुठेतरी उत्तरेकडे दाखवले आणि बर्फ घातलेल्या कॉफीचे पेले पुढे सरकवले. साठ वर्षे झाली आहेत, त्यांना तरी किती उत्साह असावा!

बुधवार, मांग यांग खिंड आणि प्लेकू

आन खेहून पुढे डाक पो लागते. २४ जून १९५४ रोजी फ्रेंचांचे ‘मोबाइल ग्रुप १००’ हे दल आन खे सोडून याच रस्त्याने प्लेकूकडे निघाले आणि इथे दबा धरून बसलेल्या, फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या व्हिएत मिन्ह सैनिकांच्या तावडीत सापडले. पुढच्या काही आठवड्यांत त्या दलाची वाताहत झाली. किनार्ड आणि त्यांचे अधिकारी हा इतिहास कोळून प्यायले होते. रस्त्याला बांधलेले सैन्य या डोंगरांत मरते, हे त्यांना पुरते ठाऊक होते, आणि हेलिकॉप्टर हे त्यावरचे त्यांचे उत्तर होते.

प्लेकूला संध्याकाळी पोहोचलो. जेवणानंतर भाऊजींनी विषय काढला तो परतीच्या तारखांचा, आणि खरे सांगायचे तर या दौऱ्यात मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते याच विषयाने.

आपल्याकडे मराठ्यांची फौज दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलुखगिरीवर निघे आणि पावसाळ्यापूर्वी छावणीला परते. जाणे सगळ्यांचे आणि येणेही सगळ्यांचे, ते ऋतूवर ठरलेले. व्हिएतनाममध्ये अमेरिकी लष्कराने नेमके उलटे केले. प्रत्येक सैनिकाला बारा महिन्यांची मुदत दिली आणि ती ज्याची त्याची स्वतंत्रपणे मोजली. तुकडी तिथेच राही आणि माणसे मात्र एकेक करून येत-जात. आपली तारीख प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून पाठ असे. कागदावर एखादे चित्र काढून त्याचे ३६५ कप्पे पाडायचे आणि रोज एक रंगवायचा, अशी तक्ते भरण्याची पद्धत छावण्यांतून सर्रास होती. शेवटच्या काही आठवड्यांवर आलेल्याला मोहिमेवर पाठवणे अधिकाऱ्यालाही जड जाई आणि सोबत्यांनाही.

पहिल्या घोडदळ डिव्हिजनची पंचाईत आणखी वेगळी होती. ती एकगठ्ठा आली होती, म्हणजे १९६६ च्या उन्हाळा-पावसाळ्यात तिची हजारो माणसे जवळजवळ एकाच वेळी घरी जाण्यास पात्र ठरणार होती. एका महिन्यात अनुभवी डिव्हिजनची नवखी डिव्हिजन होऊन बसायची! हा फुगवटा जिरवण्यासाठी लष्कराला तारखा फोडाव्या लागत. वेगवेगळ्या महिन्यांत आलेले सैनिक निरनिराळ्या तुकड्यांमध्ये आपापसांत बदलायचे, म्हणजे परतीच्या तारखा विखुरतात. त्याची किंमत अशी की ज्यांनी फोर्ट बेनिंगला एकत्र सराव केला, एका जहाजातून महिनाभराचा प्रवास केला, ते एकमेकांपासून तुटले. त्यातच तुकडीचे नेतृत्व करणारे अधिकारी साधारण सहा महिन्यांनी बदलत. “आमच्याकडे एखादा मेकॅनिक एका मशिनवर मुरायलाच दोन वर्षं लागतात,” भाऊजी म्हणाले. “सहा महिन्यांत तर त्याला त्याचा स्पॅनर कुठं ठेवलाय तेही सापडत नाही.”

गुरुवार, इआ द्रांग

कंबोडियाच्या सीमेजवळचा भाग असल्याने इआ द्रांगच्या खोऱ्यात जाण्यासाठी परवानगी काढावी लागते. ती वाटाड्याने आधीच काढून ठेवली होती. प्लेकूच्या नैर्ऋत्येला चहाचे मळे लागतात. नोव्हेंबर १९६५ मध्ये तिसऱ्या ब्रिगेडचे मुख्यालय अशाच एका मळ्यात, कातेकाला होते. पुढे रबराच्या रांगा, काजू आणि मिरीचे वेल. मिरीची तोडणी नुकतीच झालेली होती आणि घराघरांपुढे ताडपत्रीवर मिरी वाळत होती. वरचे दाणे काळे पडलेले, खालचे अजून हिरवे. एक म्हातारी अनवाणी पायांनीच ती परतत होती. गाडीच्या काचा बंद असूनही वास आत येत होता.

चू पाँग डोंगररांग समोर आली तेव्हा गाडी सोडून आम्ही पायी निघालो. १४ नोव्हेंबर १९६५ रोजी सकाळी पावणेअकराच्या सुमारास लेफ्टनंट कर्नल हॅरल्ड मूर यांच्या सातव्या घोडदळ रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनची पहिली खेप या डोंगराच्या पायथ्याशी उतरली. त्या जागेचे सांकेतिक नाव ‘एक्स-रे’. सोळा हेलिकॉप्टर आणि एका खेपेत जेमतेम ऐंशी माणसे. परतफेरीला अर्धा तास. म्हणजे सुमारे साडेचारशे माणसे जमिनीवर यायला दुपार होणार आणि तोवर जे उतरले आहेत त्यांना डोंगरातल्या कित्येक पट मोठ्या उत्तर व्हिएतनामी सैन्याशी दोन हात करावे लागणार. ह्यूई हेलिकॉप्टरमध्ये पाचच माणसे का, असे मी विचारले. भाऊजींनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, “हे ऊन बघा ना. हवा तापली की विरळ होते, पातं कितीही फिरवा, वजन उचलत नाही. नाशिकला मे महिन्यात आम्ही दोन माणसं खाली उतरवून ठेवायचो.” पुस्तकांत वाचलेला आकडा मला तिथे, त्या उन्हात उभे राहून उमगला.

झाडीत माणसाच्या छातीइतकी उंच, विटकरी रंगाची वारुळे आहेत. मूर यांनी आपले ठाणे अशाच एका वारुळाच्या आडोशाला मांडले होते. आम्ही एका वारुळाला हात लावून पाहिला. पक्क्या भिंतीसारखे टणक लागते. त्या दुपारी गोळीबार इतका वाढला की जखमींना नेणाऱ्या हेलिकॉप्टरांना उतरणे मना झाले. तेव्हा मेजर ब्रूस क्रँडल आणि कॅप्टन एड फ्रीमन हे दोघे वैमानिक, जे खरे तर माणसे पोहोचवण्याच्या कामावर होते, दारूगोळा घेऊन आत येत राहिले आणि सत्तरहून अधिक जखमींना बाहेर काढत राहिले. अमेरिकेचा सर्वोच्च शौर्य सन्मान फ्रीमन यांना २००१ मध्ये आणि क्रँडल यांना २००७ मध्ये मिळाला. इतका उशीर का, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे मिळाले नाही.

एक्स-रेवर ७९ अमेरिकी सैनिक पडले. १७ तारखेला रेजिमेंटची दुसरी बटालियन तिथून पायी निघाली आणि ‘अल्बनी’ नावाच्या दुसऱ्या मोकळ्या जागेजवळ उंच गवतात तिच्यावर झडप पडली. तिथे एका दुपारी दीडशेहून अधिक गेले. हेलिकॉप्टरच्या डिव्हिजनचा सर्वांत मोठा घात ती पायी चालत असताना झाला, हे वाटाड्याने फारसा भाव न आणता सांगितले. व्हिएतनामी बाजूचे मृत कित्येक पटींनी अधिक होते. त्यांचे सेनानी न्ग्वेन हू आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून धडा घेतला तो असा की अमेरिकनांच्या तोफा आणि विमाने निकामी करायची तर त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला धरूनच लढायचे, मध्ये अंतरच ठेवायचे नाही.

त्या चार दिवसांतल्या मृतांपैकी पुष्कळांची कुटुंबे फोर्ट बेनिंगजवळच्या कोलंबस शहरात राहत होती. लष्कराची कसलीही तयारी नव्हती. मृत्यूच्या तारा टॅक्सीवाल्यांच्या हाती देऊन घरोघर पाठवल्या गेल्या. कर्नल मूर यांच्या पत्नी ज्युलिया त्या टॅक्सींमागोमाग घरोघर गेल्या, अंत्यविधींना उभ्या राहिल्या आणि त्यांनी केलेल्या तक्रारींनंतर अधिकारी आणि धर्मगुरूने स्वतः घरी जाऊन निरोप देण्याची पद्धत आली. जिवंत माणसाच्या परतीचे गणित दिवसांच्या हिशेबाने मांडणाऱ्या यंत्रणेला मेलेल्याच्या परतीचा विचार सुचलाही नव्हता.

शुक्रवार

दिवसभर बस. कोन तुमवरून डोंगरी रस्त्याने उत्तरेला निघालो आणि रात्री उशिरा हुए गाठले. शाकाहारी भाऊजींना वाटेत भात आणि उकडलेल्या भाजीशिवाय काही मिळाले नाही, यापलीकडे लिहिण्यासारखे काही नाही.

शनिवार, खे सान

१९६८ च्या जानेवारीत डिव्हिजन आपले बिऱ्हाड उचलून उत्तरेला आली. हुएच्या वायव्येला महामार्गालगत कॅम्प इव्हान्स हा तिचा नवा तळ. पाठोपाठ तेतचा, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या सणाला झालेला कम्युनिस्टांचा मोठा हल्ला झाला आणि क्वांग त्री व हुए इथे ती लढली. खे सानला मरीन सैनिक २१ जानेवारीपासून वेढ्यात अडकले होते. डिव्हिजनचे तेव्हाचे प्रमुख मेजर जनरल जॉन टॉलसन यांनी १ एप्रिलला ‘पेगासस’ मोहीम सुरू केली. टेकड्यांवरून टेकड्यांवर उड्या घेत डिव्हिजन पुढे सरकली आणि ८ एप्रिलला सातव्या घोडदळाची दुसरी बटालियन, तीच अल्बनीची, रस्त्याने तळावर पोहोचली. अल्बनीला होती ती माणसे अर्थातच तिच्यात उरली नव्हती, ती केव्हाच घरी गेली होती.

आज तिथे लाल माती, कॉफीचे मळे, एक संग्रहालय आणि गवतात उभी केलेली काही विमाने-हेलिकॉप्टर आहेत. फेरीवाले गंजलेली पदके आणि सैनिकांचे गळ्यातले बिल्ले विकायला येतात. त्यांतले बहुतेक बनावट असतात, असे वाटाड्याने त्यांच्यादेखतच सांगितले आणि तेही हसले. एवढ्या अट्टहासाने सोडवलेला हा तळ अमेरिकनांनी त्याच वर्षी जुलैत स्वतःहून मोडला. दरम्यान डिव्हिजनला विश्रांती न देता १९ एप्रिललाच आ शाउ खोऱ्यात धाडले होते. विमानवेधी तोफांनी पहिल्याच दिवशी दहा हेलिकॉप्टर पाडली. मेच्या मध्यावर तेही खोरे सोडून देण्यात आले. जिथे रस्ता नाही तिथे उतरण्याची कला या डिव्हिजनइतकी कुणालाच साधली नव्हती. पण उतरलेली जागा धरून ठेवण्याचे काम हेलिकॉप्टरचे नव्हते, आणि ते कुणाचे आहे याचा निर्णय वरच्यांनी कधीच केला नाही, असे माझे मत झाले आहे.

रविवार, हो ची मिन्ह सिटी

युद्ध अवशेष संग्रहालयाच्या आवारात ह्यूई उभे आहे. भाऊजी त्याच्याभोवती सावकाश फिरले. पात्याच्या मुळाशी बराच वेळ पाहत राहिले. दोनच रुंद पाती, आणि त्यांच्यामुळेच तो धपधप आवाज, जो मैलभर आधी ऐकू येई. दाराच्या कडेला ऑलिव्ह रंगाचे पोपडे सुटले आहेत आणि खालचे ॲल्युमिनियम उघडे पडले आहे. मोहिमेवर जाताना सैनिक पाय बाहेर सोडून बसत ती हीच कड.

डिव्हिजनच्या नवव्या घोडदळ रेजिमेंटच्या पहिल्या तुकडीची खासियत भाऊजींनी इथे समजावली. एक छोटे टेहळणी हेलिकॉप्टर झाडांच्या शेंड्यांवरून हळू फिरे, म्हणजे खालून कुणी गोळी झाडावी, आणि वर घिरट्या घालणारे दुसरे शस्त्रसज्ज हेलिकॉप्टर त्या जागेवर तुटून पडे. टेहळणीवाल्यांचा रंग पांढरा, मारेकऱ्यांचा लाल, म्हणून या जोडीला ‘पिंक टीम’ म्हणत. खालच्या हेलिकॉप्टरमधल्या माणसांचे काम मुळात आमिषाचे, हे नावाच्या गोडव्यात लपून जाते. १९६८ च्या अखेरीस डिव्हिजन सायगावच्या, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह सिटीच्या, उत्तरेला कंबोडियाच्या सीमेलगत आली आणि मे १९७० मध्ये सीमा ओलांडून आतही गेली, तेव्हा अशाच जोड्या पुढे होत्या. संपूर्ण युद्धात डिव्हिजनचे ५,४४४ सैनिक मारले गेले आणि सव्वीस हजारांहून अधिक जखमी झाले. ज्या संख्येने ती १९६५ मध्ये आली, तिच्याहून जखमींची संख्या मोठी आहे.

सोमवार, बिएन होआ

शहरातून बिएन होआला जायला सकाळच्या गर्दीत दीड तास लागला. जवळच्या लाँग बिन्हला बदली सैनिकांचे केंद्र होते. आलेला माणूस तिथून तुकडीला वाटला जाई आणि मुदत संपलेला तिथूनच विमानात बसे. आज तिथे कारखान्यांची वसाहत आहे आणि फाटकांतून पाळी बदलणाऱ्या मुलींचे मोटारसायकलींचे लोंढे बाहेर पडतात. परतीचे विमान कॅलिफोर्नियात उतरे. ओकलंडच्या लष्करी तळावर कागदपत्रे होत, नवा कोरा गणवेश मिळे, मांसाचे भरपेट जेवण मिळे आणि नोकरीची मुदत संपलेला माणूस दरवाज्याबाहेर मोकळा. जंगलातून घराच्या दारापर्यंत दोन-तीन दिवस, आणि सोबत ओळखीचे कुणीच नाही. दुसऱ्या महायुद्धातले सैनिक निदान जहाजावर काही आठवडे आपल्याच माणसांत असत.

डिव्हिजनच्या घरवापसीची योजनाही याच हिशेबाने झाली. १९६९ पासून अमेरिकी तुकड्या ‘कीस्टोन’ या नावाने टप्प्याटप्प्याने परत जात होत्या. २९ एप्रिल १९७१ रोजी पहिल्या घोडदळ डिव्हिजनची पाळी आली. पण तुकडी घरी चालली म्हणून तिच्यातला सैनिकही चालला, असे नव्हते. ज्याचे महिने भरले नव्हते, त्याची मागे राहणाऱ्या तुकड्यांत बदली होई, आणि परतणाऱ्या ध्वजाबरोबर ज्यांची मुदत संपत आली होती अशांची भरती करण्यात येई, मग ते कुठल्याही तुकडीतले का असेनात. डिव्हिजनची तिसरी ब्रिगेड बिएन होआला ठेवण्यात आली. ती जून १९७२ च्या अखेरीस निघाली.

ध्वज टेक्सासमधील फोर्ट हूडला पोहोचला तो मे १९७१ मध्ये. तिथे असलेल्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचे नाव जर्मनीला पाठवण्यात आले आणि तिच्या जागच्या जागी असलेल्या माणसांना पहिल्या घोडदळाचा पिवळा बिल्ला लावण्यात आला. हेलिकॉप्टरबरोबर रणगाडेही असलेली नवी रचना तिला मिळाली. “म्हणजे जे गेले ते परत आले नाहीत, आणि जे आले ते गेलेच नव्हते,” भाऊजी तळाच्या कुंपणाच्या भिंतीकडे पाहत म्हणाले. आतला रस्ता बंद होता, म्हणून भिंतीच्या कडेने आम्ही बसथांब्याकडे चालू लागलो.